कॉलेज स्ट्रीट : सरांच्या आठवणींचा रस्ता

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस काय पाहून येतो? हावडा पूल, व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर आणि परतताना रसगुल्ल्यांचा डबा. आम्हीही पूर्वी दोनदा तेवढेच करून आलो होतो. या वेळी हे ऑफिसच्या कामात गुंतलेले आणि माझा अख्खा दिवस मोकळा. गेस्ट हाऊसचे वयस्कर मॅनेजर म्हणाले, ''बोईपाडा पाहून या. माझे कॉलेज तिथेच आहे.''

बोईपाडा म्हणजे पुस्तकांची वस्ती, म्हणजेच कॉलेज स्ट्रीट. मेट्रोने महात्मा गांधी रोड स्टेशनवर उतरून चालत दहा मिनिटांत पोहोचले. दोन्ही फुटपाथांवर पत्र्याच्या टपऱ्या आणि त्यांत छतापर्यंत रचलेली नवीजुनी पुस्तके. ज्ञानेश्वरीपासून गाइडपर्यंत सगळे एकाच ढिगात मिळणारा आपला अप्पा बळवंत चौक आठवला, पण हा त्याच्या कितीतरी पट मोठा. आजूबाजूला कलकत्ता विद्यापीठ, संस्कृत कॉलेज, मेडिकल कॉलेज, हिंदू स्कूल आणि प्रेसिडेन्सी.

प्रेसिडेन्सीची सुरुवात 1817 साली हिंदू कॉलेज म्हणून झाली. 1855 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेज झाले आणि 2010 मध्ये विद्यापीठ. फाटकावर विचारून आत गेले. जुनी भव्य इमारत, रुंद जिना, गार व्हरांडे. पण या जागेचे वैभव दगडविटांत नाही, तर इथल्या शिक्षकांच्या आठवणींत आहे.

हेन्री डेरोझिओ 1826 मध्ये इथे शिकवू लागला, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. विद्यार्थी त्याच्याहून फार लहान नव्हते. ''मी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः विचार करा,'' हा त्याच्या शिकवण्याचा गाभा. वर्ग सुटला तरी मुले त्याच्या घरी जमत आणि वाद घालत. सनातनी पालक खवळले. 1831 मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली आणि त्याच वर्षअखेर तो कॉलऱ्याने गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. पण त्याला मानणाऱ्या मुलांतूनच पुढे एव्हरेस्टच्या उंचीचे गणित करणारे राधानाथ सिकदार निघाले.

पुढे 1885 मध्ये जगदीशचंद्र बोस इथे आले. भारतीय प्राध्यापकाला इंग्रजांपेक्षा कमी पगार, हा अन्याय त्यांना मान्य नव्हता. तीन वर्षे त्यांनी पगाराला हात लावला नाही, मात्र शिकवणे एक दिवसही थांबवले नाही. शेवटी सरकारला मागील पगारासह पूर्ण रक्कम द्यावी लागली.

आणि प्रफुल्लचंद्र राय! वर्गात हाड जाळून त्याची राख ते तोंडात टाकत आणि आता हे हाड नव्हे, नुसते रसायन आहे, हे मुलांना पटवून देत, अशी आठवण सांगितली जाते. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे त्यांचे विद्यार्थी. राय आजन्म अविवाहित राहिले. आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे ते सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत राहत आणि गरीब विद्यार्थी त्यांच्यासोबत. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे ते कोलकात्यातले शेजारी. गोखल्यांनी गांधीजींशी त्यांची ओळख करून देताना सांगितले होते, की या प्राध्यापकांचा पगार आठशे रुपये, पण स्वतःसाठी ठेवतात फक्त चाळीस. फर्ग्युसनमध्ये अनेक वर्षे शिकवलेल्या गोखल्यांना या माणसाची किंमत कळली नसती तरच नवल!

बाहेर येऊन कॉलेज स्क्वेअरच्या तळ्याजवळ 'पॅरामाउंट'मध्ये शहाळ्याचे सरबत प्यायले. त्याची कृतीही राय यांनीच सुचवली, असे सांगतात. मग समोरच्या गल्लीतले कॉफी हाऊस गाठले. उंच छत, गरगरणारे पंखे, पांढऱ्या गणवेशातले फेटेवाले वेटर आणि गप्पांचा कल्लोळ. रिकामे टेबल नव्हते. एका वृद्ध गृहस्थांनी समोरची खुर्ची दाखवली.

ते इथलेच माजी विद्यार्थी निघाले. हिंदीत म्हणाले, ''दीदी, आमचे सर कधी हजेरी घेत नसत, तरी मुले दारात उभी राहून ऐकत. मला टायफॉइड झाला तेव्हा ते मेसचे तीन जिने चढून आले. महिनाभराच्या नोट्स स्वतःच्या हाताने उतरवून आणल्या होत्या. ते कागद अजून आहेत माझ्याकडे.'' मग सहज विचारले, ''आणि तुमचे सर?''

मी गप्प झाले. साताऱ्याचे आमचे इंग्रजीचे सर डोळ्यांसमोर आले. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला माझे लग्न ठरले. वडील म्हणाले, ''शिक्षण पुरे.'' सर सायकलवरून घरी आले आणि ओसरीवर दोन तास बसले. ''परीक्षा होऊ द्या, मग अक्षता टाका,'' हे त्यांनी वडिलांकडून कबूल करून घेतले. निरोप घेताना मी त्यांना म्हटले होते, ''सर, एम. ए. नक्की करीन.'' संसारात ते राहूनच गेले. त्याची लाज वाटून वीस वर्षांत मी त्यांना एक पत्रही लिहिले नव्हते.

परतताना टपरीवर आमच्या बी. ए.ला लावलेले नाटक मिळाले. कुणीतरी समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले. रात्री मैत्रिणीकडून नंबर मिळवून साताऱ्याला फोन लावला. सूनबाईंनी सरांना दिला. त्यांना ऐकू कमी येते. मी तीनदा नाव सांगितले.

''अगं, तू! एम. ए. झालं का?''

''नाही सर. राहून गेलं.''

क्षणभर शांतता. मग तोच वर्गातला आवाज, ''राहिलंय म्हणजे व्हायचंय. फॉर्म कधी निघतात ते बघ आणि मला कळव.''

तुम्हीही कोलकात्याला गेलात, तर एक दिवस कॉलेज स्ट्रीटसाठी ठेवा. रविवार मात्र टाळा, त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात. आणि जाण्याआधी आपल्या सरांचा नंबर जवळ ठेवा. परतीच्या वाटेवर तो लागेलच.