पैसे हातात आले नाहीत, तरी विक्री झालीच



म्युच्युअल फंडातला 'स्विच' हा शब्द ऐकायला अगदी साधा. एका योजनेतले पैसे त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत वळवले, बँकेत रुपयाही आला नाही. पण आयकराच्या हिशेबात पहिल्या योजनेतली युनिट्स विकली गेली. नफा झाला असेल तर तो त्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवावाच लागतो. घरातल्या बाईला हे बहुतेकदा कोणी सांगतच नाही.

आमच्या सासूबाईंचं तसंच झालं. माहेरच्या वाटणीतून आलेल्या पैशांतून २०१९ साली त्यांनी ४ लाखांची युनिट्स घेतली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये एजंटने ती 'स्विच' करून दिली, तेव्हा त्यांची किंमत साडेसहा लाख होती. जुलै २०२४ मध्ये करसल्लागाराने गाळ्याचं भाडं आणि ठेवींचं व्याज एवढंच विचारलं आणि 'सहज' फॉर्म भरला. सासूबाईंनी मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला. विषय संपला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या ठेवींचं व्याज जुळवायला मी आयकराच्या संकेतस्थळावर त्यांचं वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उघडलं. त्यात ती विक्री दिसली.

भाऊजी म्हणाले, "आई, पैसे हातात आलेच नाहीत, कोण विचारणार? नोटीस आली तर बघू."

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मंदिरात बोललेली रक्कम त्याच महिन्यात भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "त्या कागदावर सही कुणाची?"

"तुमचीच, आई. तो ओटीपी म्हणजे सहीच."

"मग माझ्या पासबुकातून भर. आणि भरण्याआधी मला सगळं वाचून दाखव."

हिशेब असा निघाला. नफा अडीच लाख. त्या वर्षीच्या नियमाने शेअरच्या फंडातला दीर्घ मुदतीचा पहिला १ लाख माफ, उरलेल्या दीड लाखावर १० टक्के, म्हणजे १५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर. एकूण १५,६०० रुपये. विक्रीचा नफा त्या वर्षी 'सहज'मध्ये दाखवता येत नव्हता, म्हणून सुधारित विवरणपत्र फॉर्म क्रमांक २ मध्ये भरलं. मूळ विवरणपत्राचा पोचपावती क्रमांक आणि तारीख त्यात द्यावी लागते. आधी कर भरला, मग विवरणपत्र, मग पुन्हा ओटीपी. मूळ विवरणपत्र वेळेत भरलेलं होतं. सासूबाई ज्येष्ठ नागरिक, व्यवसायाचं उत्पन्न नाही, त्यामुळे त्यांना आगाऊ कराची सक्ती नव्हती. म्हणून व्याज लागलं नाही, दंडही नाही. नोटीस येईपर्यंत थांबलो असतो, तर कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के दंडाची तरतूद आहे.

२३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दर साडेबारा टक्के झाला आणि २०२४-२५ या पूर्ण आर्थिक वर्षापासून माफीची मर्यादा सव्वा लाख. म्हणून ज्या वर्षाचं विवरणपत्र, त्या वर्षाचेच नियम बघा.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या नावावर घरात फंड, शेअर, ठेवी आहेत! कागद मात्र नवरा, मुलगा किंवा सल्लागार बघतो. बघू द्या, पण विवरणपत्र भरण्याआधी आपलं एआयएस स्वतः उघडून घ्या. त्यातली विक्री, लाभांश, व्याज ओळीओळीने विचारा. लाभांश हातात न येता परत गुंतवला गेला असेल, तरी तोही उत्पन्नात धरला जातो. आणि एआयएसमध्ये नोंद दिसली नाही, म्हणून व्यवहार झालाच नाही असं समजू नका. फंडाचा भांडवली नफ्याचा तक्ताही मागून घ्या.

सासूबाई आता कुणालाही ओटीपी सांगण्याआधी चष्मा मागतात. सल्लागाराला थोडा वेळ थांबावं लागतं. थांबू दे!