वर्धा ते दापोली, अर्ध्या तिकिटात

दापोलीच्या कृषी महाविद्यालयात नंबर लागला, तेव्हा घरात पेढे वाटायच्या आधी नकाशा उघडला गेला. राज्यात कृषी विद्यापीठं चार: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आम्ही वर्धा जिल्ह्यातले, म्हणजे अकोला आमचं. पण यादीत माझं नाव निघालं ते दापोलीत, पार समुद्राला टेकलेल्या टोकाला. काका म्हणाले, पुढच्या फेरीत अकोल्यासाठी थांबू. आईला वसतिगृहाची काळजी. बाबांनी मात्र एकच विचारलं, "येण्या-जाण्यालेच किती पैसे लागन, ते सांग आधी."

फी किती ते माहितीपत्रकात छापलेलं होतं. वसतिगृहाचं भाडं, मेसचा अंदाज, अनामत रक्कम, सगळं होतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

ते उत्तर आम्ही दोघांनी मिळून शोधलं, 2022 च्या सुरुवातीला, मला पोचवायला बाबा आले तेव्हा. दिवस नेमके अवघड होते. एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. रेल्वेत कोविडनंतरची घडी बसलेली नव्हती. जनरलच्या डब्यालाही आरक्षण लागायचं. खेड स्टेशनवर उतरलो, तर पुढे दापोलीपर्यंतच्या तीसेक किलोमीटरसाठी वडापच्या जीपशिवाय काही नव्हतं. जीपवाला माणसागणिक भाडं सांगत होता आणि सामानाचं वेगळं. बाबांनी घासाघीस केली नाही. परक्या मुलखात मुलगी सोबत असली की माणूस घासाघीस करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यांनी खिशातल्या कागदावर हिशेब मांडला. मुलगा असता तर एक तिकीट जायचं, एक यायचं. मुलीचं तसं नसतं. तिला सोडायला कुणी आलं की तिचं एक तिकीट आणि सोबतीची दोन, कारण सोबतीला परतही जायचं असतं. घ्यायला यायचं तर पुन्हा तेच. म्हणजे घरी जाऊन परत यायचं, की दोनाच्या जागी सहा तिकिटं. शिवाय सोबत येणाऱ्याचे शेतातले दिवस बुडाले, ते निराळेच. कापूस वेचणीच्या हंगामात बाबांना चार दिवस काढणं परवडणारं नव्हतं.

त्या कागदावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. सवलत पन्नास टक्के मिळो की पंचाहत्तर, माझा प्रवास खऱ्या अर्थाने स्वस्त व्हायचा तर मला एकटीने करता आला पाहिजे. आणि एकटीने जाऊ द्यायला घरच्यांची एकच अट होती: रात्री कुठल्या स्टेशनवर किंवा स्टँडवर थांबायचं नाही. त्यामुळे माझ्यासाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट वेळापत्रक ठरली. सवलतीचा दाखला त्यानंतर आला.

आमच्या वसतिगृहात विदर्भातल्या मुलींचा एक छोटा गट होता. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर अशा ठिकाणच्या. त्यातल्या शेवटच्या वर्षाच्या एका ताईने मला गाड्यांचं गणित समजावलं. तिचा नियम सोपा होता: रात्र गाडीत काढायची आणि गाडी बदलायची ती उजेडात. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी वर्ध्याला येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ठाण्याला सोडते. ठाण्याला तासदोन तास फलाटावर बसलं, की मुंबईहून मडगावला जाणारी मांडवी येते. दुपारच्या आत खेड. खेड स्टँडवरून एसटी, फुरूसवरून वर चढत दापोली. जेवणाच्या वेळेला किंवा थोडं उशिरा वसतिगृहात. सव्वासातशे किलोमीटर ठाण्यापर्यंत, पुढे कोकणातला टप्पा, आणि मधे एकदाही काळोखात फलाट बदलायचा नाही.

दुसरेही रस्ते होते. पुण्याला उतरून स्वारगेटहून दापोलीची एसटी धरता यायची. पैशांत फार फरक नव्हता, पण आमच्याकडची जी गाडी सोयीची वाटायची ती पुण्यात अंधारात उतरवायची. बाबांनी तो रस्ता ऐकूनच घेतला नाही. परतीला खेडहून सकाळची पॅसेंजर दिव्याला जायची. ती धरायची तर दापोलीतून पहाटेची एसटी. दिव्याहून लोकलने कल्याण, आणि कल्याणच्या महिला प्रतीक्षालयात संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसची वाट बघत अख्खी दुपार. ती दुपार कंटाळवाणी असायची, पण फुकट असायची आणि उजेडातली असायची. मी तिथे वनस्पती विकृतिशास्त्राच्या कितीतरी नोट्स पाठ केल्यात.

आता दाखल्याविषयी. सुट्टीत मूळ गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वे सेकंड क्लास आणि स्लीपरच्या भाड्यात 50 टक्के सवलत देते. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ती 75 टक्के आहे. कोविडच्या काळात ज्येष्ठ नागरिकांची सवलत गेली, विद्यार्थ्यांची राहिली. पण ही सवलत मोबाइलवर मिळत नाही. कॉलेजचा सही-शिक्क्याचा छापील दाखला घेऊन तिकीट खिडकीवरच जावं लागतं. सवलत मिळते तीही मूळ भाड्यावर. आरक्षणाचे 20 रुपये आणि सुपरफास्टचे 30 रुपये पुरेच भरायचे.

आम्हाला जवळची रेल्वेची खिडकी म्हणजे खेड. दाखल्यावर तिकीट काढायचं तर आधी खेडला जाऊन यायचं: एसटीचं जायचं-यायचं भाडं, बाहेरचा चहा-वडा आणि बुडालेलं एक प्रॅक्टिकल. त्यातून वाचलेले पैसे अर्ध्यावर यायचे. म्हणून आम्ही एकेकटीने जाणं बंद केलं. गटातली एक जण सगळ्यांचे दाखले आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स घेऊन जायची, आणि तिचं एसटीचं भाडं बाकीच्या वाटून द्यायच्या. रांगेत पुढे कुणाला किती जणांची तिकिटं काढायचीत हे बघून मागच्यांच्या कपाळावर आठ्या यायच्या, त्याला इलाज नव्हता.

त्या खिडकीवरच आणखी एक गोष्ट शिकले. रेल्वेचं भाडं लांबत जाईल तसं दर किलोमीटरला कमी होत जातं. वर्धा ते ठाणे एक आणि ठाणे ते खेड दुसरं, अशी दोन तिकिटं काढली, की दुसऱ्या तिकिटाचे किलोमीटर पुन्हा पहिल्या, महागड्या दराने सुरू होतात. त्यातून कोकण रेल्वेच्या मार्गावर भाड्यासाठी अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरलं जातं. त्यामुळे दाखल्यावर "वर्धा ते खेड" असंच लिहून घ्यायचं आणि एकाच तिकिटावर दोन गाड्या मागायच्या. कारकुनाला वेळ असला तर तो देतो. गर्दी असली तर "दोन वेगळी काढा" म्हणतो. म्हणून आम्ही दुपारी, गर्दी ओसरली की जायचो.

एसटीतही विद्यार्थ्याला सुट्टीच्या प्रवासात सवलत असते, पण तिलाही कॉलेजचा दाखला लागतो. मग 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत सरसकट अर्धं तिकीट सुरू झालं. वर्तमानपत्रात त्यावर बरीच चर्चा झाली: तोटा किती, मतं किती. आमच्या वसतिगृहात त्याचा परिणाम वेगळाच दिसला. दाखला नको, अर्ज नको, कारण सांगायला नको. कंडक्टरला "एक दापोली" म्हटलं की तो आपणहून अर्धं फाडायचा. चिपळूण, गुहागर, मंडणगडच्या मैत्रिणी आधी महिन्याला घरी जायच्या; आता शनिवार आला की निघू लागल्या. मला आठवड्याला वर्धा शक्यच नव्हतं, पण खेडची फेरी अर्ध्यावर आली आणि दाखल्याच्या सवलतीचा आमचा सगळा हिशेब एकदम फायद्यात गेला. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तेव्हा अर्ध्या तिकिटामुळे ती वाढही आमच्या वाट्याला अर्धीच आली.

आईला या अर्ध्या तिकिटाचं वेगळं कौतुक. तोवर ती कधी दापोलीला आली नव्हती. पुण्यात मावशीकडे आली असताना तिने मावशीला घेऊन सरळ स्वारगेट गाठलं आणि दोघी दिवसाउजेडी दापोलीत उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिने मुरूडचा समुद्र पाहिला. "बाबांले सांगू नको किती खर्च झाला," म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतःच फोन करून सांगितलं.

दिवाळी हा मात्र दरवर्षीचा कस. रेल्वेचं आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी उघडायचं. दिवाळीच्या 120 दिवस आधी म्हणजे ऐन जून-जुलैत. आमच्या परीक्षेचं वेळापत्रक त्यानंतर कधीतरी लागायचं. तारीख ठरेपर्यंत विदर्भ एक्सप्रेसची प्रतीक्षा यादी भरलेली असायची. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. व्यापाऱ्यांना, सहलवाल्यांना ते कसं वाटलं कोण जाणे, आम्हाला आवडलं; कारण दोन महिने आधी परीक्षेची तारीख निदान अंदाजाने तरी सांगता येते.

जागा मिळाली नाही की उरायच्या ट्रॅव्हल्स. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असा सरकारचा 2018 चा आदेश आहे. दिवाळीच्या आठवड्यात पुणे-नागपूरचं भाडं विचारलं तेव्हा त्या आदेशाचा मागमूसही नव्हता. एका बुकिंगवाल्याला मी दीडपटीचा नियम सांगितला. तो हसून म्हणाला, "ताई, मग एसटीनेच जा ना." त्या दिवाळीला मी लक्ष्मीपूजन चुकवून भाऊबीजेला पोचले. गर्दी उलट्या दिशेला गेली होती आणि स्लीपरमध्ये खिडकीची जागा मिळाली.

कोकणात राहिल्यावर दुसरं एक वेळापत्रक पाठ करावं लागतं. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने कोकण रेल्वे गाड्यांचा वेग कमी करते. मी शिकत असताना हे पावसाळी वेळापत्रक साधारण 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं. गाडी खेडला उशिरा पोचते आणि ठरलेली एसटी चुकते. गणपतीत तर सगळी मुंबई कोकणात उतरते. मला त्याच दिवसांत वर्ध्याहून परतायचं असेल तर चाकरमान्यांच्या लोंढ्यातून जागा कुठली मिळायला? म्हणून गणपतीला मी घरी जायचंच नाही असं ठरवलं. दाभोळकडच्या एका मैत्रिणीने तिच्या घरी नेलं. तिथे उकडीचे मोदक वळायला शिकले, बाल्या नाच पाहिला. घरी न जाण्याचं हेही एक तंत्र आहे, आणि लांबच्या कॉलेजात ते लवकर शिकावं. वर्षात चार वेळा धावतपळत जाण्यापेक्षा दोनदा जाऊन नीट राहणं खिशालाही बरं आणि घरच्यांनाही.

सामानाचंही शास्त्र होतं. स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो मोफत नेता येतं, पण गाडी बदलताना ते आपल्याच खांद्यावर असतं. आई पिशवीत तूरडाळ, जवसाची चटणी, तिखट कोंबायची. परतताना कोकम, फणसपोळी आणि मे महिन्यात आंब्याची पेटी. ती पेटी दिवा, कल्याण, वर्धा अशी नेताना मी तिला बर्थखाली कधी ठेवली नाही. रात्रभर पायाशी घेऊन झोपायचे. गावात पोचल्यावर आंब्यांचा वाटा घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "एकटीच आली का?" पहिल्या वर्षी त्या प्रश्नात शंका असायची. शेवटच्या वर्षी त्यातल्याच एकाने स्वतःच्या मुलीसाठी गाड्यांच्या वेळा लिहून मागितल्या.

2024-25 पासून राज्याने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. शेतकऱ्यांच्या मुलांना वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. या योजना चांगल्या आहेत. माझ्या बरोबरीच्या अनेकींचं शिक्षण त्यांवर उभं राहिलं. पण त्यांतली एकही बाबांच्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. फी शून्य झाली तरी खेडच्या स्टेशनवर संध्याकाळी उतरणाऱ्या मुलीला शेवटची एसटी मिळाली नाही, तर तिला न्यायला बापाला यावं लागतं आणि हिशेब पुन्हा सहा तिकिटांवर जातो. गाडी आणि एसटी यांच्या वेळा एकमेकींशी जुळवणं ही कुठल्याही शिष्यवृत्तीहून कमी खर्चाची मदत आहे. त्यासाठी नवी योजना नको, नवं नाव नको. स्टेशनात गाडी कधी येते हे आगाराला ठाऊक असलं म्हणजे पुरे.

यंदा माझी चुलत बहीण प्रवेशाचे पर्याय भरते आहे. तिने कॉलेज, शाखा, फी, वसतिगृह असे रकाने आखले होते. मी शेजारी आणखी दोन आखून दिले: "गाडी कुठे बदलायची" आणि "तेव्हा उजेड असतो का". तिने अकोला पहिलं टाकलं, दापोली दुसरं. राहुरी तिसऱ्यावर गेलं, कारण तिथली गाडी किती वाजता पोचते ते अजून शोधायचं आहे.