छपराबाहेरचा खेळ

आमच्या आंबवड्यास कोणी पाहुणा आला, म्हणजे त्याला नागेश्वराचे दर्शन घडवावे, भोर संस्थानच्या अमदानीत बांधलेल्या झुलत्या पुलावरून एकवार पलीकडे नेऊन आणावे, आणि ताराबाई व शाहू महाराज यांच्या वारसाहक्काच्या तंट्यात निष्ठेचा पेच पडून १७०७ साली ज्यांनी देह ठेवला त्या शंकराजी नारायण सचिवांच्या समाधीपाशी क्षणभर उभे करावे, असा आम्हां ग्रामस्थांचा जुना शिरस्ता आहे. गावाबाहेर पडणाऱ्या माणसाची प्रयोजनेही अशीच ठरून गेलेली आहेत. तो पंढरीस जातो, मांढरदेवीस जातो, लग्नकार्यास जातो, नाही तर जमिनीच्या फेरफारासाठी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावयास जातो. महाविद्यालयीन मुलामुलींचे बास्केटबॉलचे सामने पाहत मैदानोमैदान हिंडावयास निघालेला, आणि तोही उतारवयातला, मनुष्य या पंचक्रोशीने पूर्वी पाहिला असेल असे मला वाटत नाही. म्हणून पुतण्याच्या मोटारीत बसताना पारावरच्या मंडळींनी पृच्छा केली तेव्हा "पुण्यास, जरा कामासाठी" असे मोघम उत्तर देऊन मी दार लावून घेतले.

निमित्त पुतणीचे होते. पुण्यास शिकावयास गेलेली ही मुलगी तेथल्या महाविद्यालयाच्या संघात शिरली, आणि सुटीत घरी आली की ओसरीवर बसून लेअप, रिबाऊंड, फ्री थ्रो अशा शब्दांची पेरणी करू लागली. आम्ही हुतुतू आणि खोखोवर पोसलेले. मैदान म्हणजे माती आणि खेळ म्हणजे दम, एवढीच आमची व्याख्या. मी काही थट्टेचे बोललो असेन, कारण तिने एकदा निक्षून सांगितले, "काका, आधी येऊन बघा, मग खुशाल नावे ठेवा."

मार्गशीर्षाचा महिना होता. भाताची कापणी उरकून खाचरे मोकळी झाली होती, जागोजाग पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि पाठीमागे रायरेश्वराच्या पठारावर अजून धुके रेंगाळत होते. भोरात चहासाठी थांबलो असता एका शाळेच्या पटांगणात मुरमाच्या जमिनीवर दोन लोखंडी खांब दिसले. त्यांवर फळ्या होत्या, एका फळीला कडे होते, दुसरीचे बहुधा भंगारात गेले असावे, आणि त्या एकाच कड्याखाली दहा-बारा पोरे कमालीच्या गंभीरपणे भांडत खेळत होती. मुरमावर चेंडू मनास येईल तिकडे उसळत असल्यामुळे कोणी तो थापटीत पुढे नेण्याच्या भरीस पडत नव्हते; हातात आला की लगेच दुसऱ्याकडे फेकायचा, हाच तिथला कायदा होता. पुतण्या म्हणाला, "ह्यांना पुण्यात कोणी संघात घेणार नाही." मला मात्र त्या पोरांचे फेकणे मोठे हुशारीचे वाटले, आणि ते का, हे पुढच्या मजलांत हळूहळू उलगडत गेले.

भाटघरच्या धरणावरून कापूरहोळास येऊन हमरस्त्याला लागेपर्यंत पुतण्याने या खेळाची कुळकथा मला ऐकविली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफील्ड या गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नाइस्मिथ नावाचे एक शिक्षक होते. १८९१ च्या हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेले आणि आत कवायतीस कंटाळलेली तरणीताठी मुले, अशा अडचणीत सापडून त्यांनी छपराखाली खेळता येईल असा खेळ रचला, त्याचे तेरा नियम लिहिले, आणि पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या. तो सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली, आणि आज जगभर ते कडे दहाच फुटांवर आहे. टोपलीला बूड होते, त्यामुळे गोल झाला की शिडी आणून चेंडू काढावा लागे. पहिल्या सामन्यात एका बाजूस नऊ-नऊ गडी होते आणि एकच गोल झाला, तेव्हा शिडीवाल्याला फारसे श्रम पडले नसावेत. पुढे सज्जात बसलेले प्रेक्षक हात खाली घालून चेंडूला वाट दाखवू लागले, म्हणून त्यांच्या बंदोबस्तासाठी टोपलीमागे फळी आली. म्हणजे या खेळाची उंची इमारतीने ठरविली, फळी इमारतीतल्या खोडसाळ माणसांमुळे बसली, आणि त्याचा जन्मच मुळी हवामान बाहेर ठेवण्यासाठी झाला. हे ऐकत असता कात्रजचा बोगदा कधी मागे पडला ते कळले नाही. भोरच्या पटांगणातल्या त्या फळ्याच डोळ्यांसमोर येत होत्या. ज्या सज्जातल्या उपद्व्यापी प्रेक्षकांसाठी त्यांचा घाट घातला तो सज्जा तर तेथे नव्हताच. मागे होते ते केवळ आभाळ.

पुण्यात हा खेळ मुख्यत्वे उघड्यावरच आहे. १८८५ सालचे फर्ग्युसन काय, १९१६ सालचे स. प. महाविद्यालय काय, या जुन्या संस्थांनी झाडांच्या सावलीत सिमेंटच्या फरशा घालून त्यांवर रेषा आखल्या आणि खांब उभे केले. पुतणीचा सामना अशाच एका मैदानावर होता. 'झोनल'च्या पुढची पायरी होती म्हणतात. मला एवढेच समजले की मुलींचे चेहरे परीक्षेच्या दिवशी असतात तसे होते. कठड्यावर शेंगा खात बसलेल्या मुलांचा एक जथा प्रत्येक शिट्टीसरशी पंचांच्या वंशाचा उद्धार करीत होता. उन्हे कलती होती, आणि ज्या संघाला पश्चिमेच्या कड्यावर नेम धरावा लागे त्याच्या मुली डोळ्यांवर हात घेत होत्या. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तोवर सूर्य इमारतीआड गेला होता. म्हणजे एका संघाने अर्धा सामना सूर्याशीही खेळून काढला होता. नियमपुस्तकात याची तजवीज नाही, कारण ते पुस्तक छपराखाली लिहिले गेले. पुतणीचा संघ थोडक्यात हरला. आमच्यापाशी आल्यावर ती पराभवाविषयी अवाक्षर बोलली नाही, फक्त "काका, कसं वाटलं?" एवढे विचारले, आणि ही मुलगी आडव्या अंगाने शिरून, एका पायावर उडी घेऊन, चेंडू फळीच्या चौकटीवर अलगद ठेवून येत होती तेव्हा मी दोनदा उठून उभा राहिलो होतो हे मला सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी बालेवाडीस गेलो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले हे विस्तीर्ण क्रीडासंकुल. तेथल्या एका बंदिस्त दालनात, लाकडी जमिनीवर, झगझगीत दिव्यांखाली मुलांचा सामना पाहिला. खेळ निःसंशय शुद्ध होता. चेंडू जेथे टाकावा तेथूनच वर येत होता, बुटांचे करकर आवाज भिंतींवर आदळून दुप्पट होत होते, आणि चोवीस सेकंदांत चेंडू कड्याकडे गेलाच पाहिजे हा दंडक सांभाळणारे घड्याळ मुलांना सावकारासारखे पिटाळीत होते. परंतु मला त्यात काही तरी उणे वाटले. स्प्रिंगफील्डच्या त्या शिक्षकाच्या कल्पनेबरहुकूम असाच खेळ असावा हे खरे. तथापि त्याच गृहस्थांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये, जेथे हा खेळ प्रथमच पदकासाठी खेळला गेला, आपले अपत्य उघड्या टेनिसमैदानांवर पाहिले. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, जमिनीचा चिखल झाला, चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले. चिखलात चेंडू थापटता येत नाही, तो फेकावाच लागतो. भोरच्या पोरांचा कायदा ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातही लागू पडला होता तर! त्याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपले देशी खेळ दाखवावयास गेले होते. त्या मंडळींपैकी कोणी तो चिखलातला सामना पाहिला असेल, तर त्याला तो खेळ फारसा परका वाटला नसेल.

मुंबईची मजल पुतणीच्या आग्रहाने झाली. घाट उतरून, दुपारच्या कोंडीत तास घालवून आम्ही नागपाड्यास पोचलो, तेव्हा दिवेलागण व्हावयाची होती. या मोहल्ल्यात अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली 'नेबरहुड हाऊस' नावाची वास्तू उभी केली. क्लिफर्ड मॅनशार्ट तिचे संचालक. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी जी टाटांची संस्था निघाली तिचा आरंभ याच वास्तूत झाला, हे विद्वानांना ठाऊक असते. पण येथल्या गल्लीबोळांत विचाराल, तर लोक नाव सांगतील ते अब्बास मुंतसीर यांचे. भारताच्या संघाचे नेतृत्व केलेल्या आणि अर्जुन पुरस्कार मिळविलेल्या या खेळाडूचा हात याच मोहल्ल्यातल्या सिमेंटवर बसला. दाटीवाटीच्या चाळी, खाटकांची आणि बेकऱ्यांची दुकाने, मोटारींचे भोंगे, आणि या सर्वांच्या मधोमध मस्तान तलावाचे मैदान; तलाव कधीच बुजला, नाव तेवढे राहिले.

महाविद्यालयांतली मुले सरावाचा सामना खेळत होती. बालेवाडीचा शुद्धपणा येथे नव्हता, पण चेंडू पाठीमागे न पाहता देण्याची, पडता पडता फेकण्याची, गर्दीतून वाट काढण्याची जी करामत होती ती दालनात शिकविता येईल असे मला वाटत नाही. अरुंद गल्लीत वाढलेल्या मुलाला धक्का न लागता निसटण्याची विद्या उपजत येत असावी. कडेच्या बाकावर रत्नागिरीकडचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ बसले होते. कोकणी वळणाच्या खणखणीत मराठीत त्यांनी आमची चौकशी केली, आणि पुतणी खेळते हे कळताच एका मुलाकडून चेंडू मागून तिच्या हाती दिला. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटतो, तेव्हा या टोकाच्या कड्यावर सरळ नेम धरायचा नाही. फळीवरच्या चौकटीचा वाऱ्याकडचा कोपरा धरायचा, उरलेले काम वारा करतो, असा त्यांचा सिद्धान्त. पुतणीने चार-पाच वेळा प्रयत्न केला, आणि अखेरीस चेंडू फळीला लागून, किंचित सरकून, कड्यात उतरला.

"पण बाबा," ती म्हणाली, "आमच्या पुण्याच्या मैदानावर असा वारा नसतो."

म्हातारबुवांनी तिच्याकडे मोठ्या करुणेने पाहिले. "वारा नाय?" ते म्हणाले. "मग हरल्यावर घरी सांगता काय?"