सांगू नये असे दुखणे

दुखण्यांतही कुलीन आणि अकुलीन असा भेद असतो. गुडघा धरला तर तो चारचौघांत सांगता येतो. रक्तदाबाला तर थोडीशी प्रतिष्ठाच आहे. पण बाईमाणसाच्या आडजागी उठणाऱ्या खाजेला आमच्या घरात नावच नव्हते. आई तिला 'उष्णता' म्हणे. सब्जाचे बी, धण्याचे पाणी आणि गप्प बसणे, हा तिचा उपचार.

वर्गात शब्दांच्या छटा शिकवण्यात माझे अर्धे आयुष्य गेले; पण माझ्यावर पाळी आली तेव्हा मलाही शब्द सुचेना. वसईहून विरारला जायचे, ओल्या लुगड्यानिशी दिवस काढायचा, म्हणून मी सारा दोष पावसाला दिला. औषधाच्या दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत थांबायचे आणि मलमाची चिठ्ठी मुकाट्याने पुढे सरकवायची. आठ दिवस बरे वाटे. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षात चौथ्यांदा झाले तेव्हा धाकट्या बहिणीने मला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेले.

त्यांनी तपासले, नमुना घेतला आणि विचारले, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"दोन-तीनदा. पण त्याचा इथं काय संबंध?"

"पावाचं पीठ फुगवताना यीस्टला चिमूटभर साखर देतात, ठाऊक आहे ना? कॅन्डिडा हे त्यातलंच एक भावंड. निरोगी बाईच्या अंगातही ते गुपचूप असतं. रक्तात साखर वाढली की त्याचं फावतं."

माझी उपाशीपोटीची साखर १८६ निघाली. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात!

मास्तरकीची खोड म्हणून मग वाचत सुटले. वर्षात तीनदा किंवा अधिक वेळा हे झाले तर मूळ शोधावे, म्हणतात. मधुमेह असेल, वरचेवर घेतलेली अँटिबायोटिक्स असतील, स्टिरॉइड्स असतील, प्रतिकारशक्ती उणावली असेल; पुष्कळ जणींत काहीच सापडत नाही. शिवाय प्रत्येक खाज यीस्टचीच असते असेही नाही. मी मात्र वर्षभर न तपासता मलम चोपडत होते. वाचता वाचता एक गंमत कळली. १९५४ साली सुरू झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये 'हॅमायसिन' हे बुरशीवरचे औषध शोधले गेले. ते ज्या सूक्ष्म जीवापासून निघाले, त्याच्या लॅटिन नावात 'पिम्प्रिना' आहे. आपली पिंपरी लॅटिनमध्ये! पण औषध बुरशी मारते, रक्तातली साखर नव्हे. माझी साखर ताळ्यावर आली आणि त्यानंतरचे दोन्ही पावसाळे निर्वेध गेले. वसईची सुकेळी तेवढी सुटली, त्याचे दुःख आहे.

आईचा मधुमेह कळला तो पायाची जखम चिघळल्यावर. दोन बोटे काढावी लागली. तिची 'उष्णता' त्याच्या कितीतरी आधीची. दोन्हींचा संबंध होता की नाही, आता कोण सांगणार?

परवा करंज्या भरताना लेकीने सहज विचारले, "आजीला नेमकं काय व्हायचं गं?"

मी हातातली करंजी ताटात ठेवली आणि तिला त्या दुखण्याचे नाव सांगितले.