गालिच्याचा कायदा, मोबाईलचा मुकदमा

नक्कल हा शब्द मी दोन भाषांत शिकवतो. उर्दूत परीक्षेत दुसऱ्याचं बघून लिहिलं की ती नक्कल. मराठीत नक्कल तलाठ्याकडे मिळते, सातबाऱ्याची, शिक्क्यासह. परीक्षेतल्या चोरीला आपण ‘कॉपी’ म्हणून मोकळे होतो. ॲपल आणि सॅमसंग सात वर्षं भांडले ते उर्दूतल्या नक्कलेवरून.

एप्रिल 2011 मध्ये ॲपलने कॅलिफोर्नियात दावा लावला. तक्रार अशी की गोल कोपऱ्यांचा चौकोनी फोन आणि पडद्यावर ओळीने मांडलेली रंगीत चित्रं सॅमसंगने आमच्याकडूनच उचलली. गंमत म्हणजे त्याच काळात आयफोनच्या आतली मुख्य चिप सॅमसंगच बनवून देत होती. कोर्टात दुश्मनी, कारखान्यात सौदा! ऑगस्ट 2012 मध्ये ज्यूरीने ॲपलला सुमारे 105 कोटी डॉलर देऊ केले.

नक्कल झाली की नाही, यापेक्षा मला पुढचा प्रश्न मोठा वाटतो. झाली असेल, तर भरपाई किती?

याचं उत्तर एका गालिच्यात होतं. 1885 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे गालिच्यांची नक्षी चोरल्याचा खटला आला. नफ्यातला किती वाटा नक्षीमुळे आणि किती गालिच्यामुळे, हे फिर्यादीला दाखवता आलं नाही. कोर्टाने हातावर ठेवले सहा सेंट. कारागिरांवर हा उघड अन्याय होता, म्हणून 1887 मध्ये कायदा आला: नक्षी चोरणाऱ्याने त्या वस्तूवरचा सगळा नफा द्यावा. गालिच्यापुरतं ते पटतं. नक्षी काढून घेतली तर गालिच्यात उरतं काय?

पण मोबाईल म्हणजे गालिचा नव्हे. त्यात बॅटरी आहे, कॅमेरा आहे, हजारो पेटंटं आहेत. सॅमसंगचे वकील म्हणाले, मोटारीतला कप ठेवायचा खाचा कुणी चोरला तर अख्ख्या मोटारीचा नफा मागणार का? मला हे पटतं. एखाद्या मुलाने एक उत्तर बघून लिहिलं तर त्या उत्तराचे गुण कापावेत की सगळा पेपर रद्द करावा? (आमच्या स्टाफरूममध्ये यावर एकमत होणं कठीण.)

डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ‘वस्तू’ म्हणजे अख्खा फोनच असला पाहिजे असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. पण भाग ओळखायचा कसा, याची कसोटी मात्र दिली नाही. प्रकरण परत खाली गेलं. मे 2018 मध्ये नव्या ज्यूरीने सुमारे 53.9 कोटी डॉलर ठरवले, आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. अटी गुपित राहिल्या.

भाग की संपूर्ण, हा वाद आपल्याकडेही आला, फक्त नक्षीऐवजी नेटवर्कच्या तंत्रज्ञानावरून. 2013 मध्ये एरिक्सनने मायक्रोमॅक्सला दिल्ली हायकोर्टात खेचलं. तंत्रज्ञान राबतं ते आतल्या छोट्या चिपमध्ये, पण 2014 च्या अंतरिम आदेशात रॉयल्टीची टक्केवारी लागली ती पूर्ण हँडसेटच्या विक्री किमतीवर. म्हणजे तीच चिप महागड्या फोनमध्ये बसवली की जास्त पैसे, स्वस्तात बसवली की कमी. स्वस्त फोन घेणाऱ्याने यावर खूश व्हावं की चिप केवढ्याची ते विचारावं, हे मी अजून ठरवतोय.