माझी प्रश्नावली

विद्वान होण्याचा माझा प्रयत्न खामगाव तालुक्यातल्या एका ओसरीवर अडखळला, त्याची ही हकीकत.

मी शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक. बालवाडीच्या वयातील मुलांच्या शिक्षणात घरच्यांचा वाटा किती, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली छापून घेतली होती. 'आपण पाल्यास दररोज किती मिनिटे शिकवता?' हा त्यातला सातवा प्रश्न माझा विशेष लाडका. आमचा बुलढाणा जिल्हा म्हणजे जिजाऊंचे माहेर. त्यामुळे आईच्या शिकवणुकीवरचे इथले प्रत्येक भाषण सिंदखेडराजाहून निघते. माझी प्रस्तावनाही तिथूनच निघाली होती!

त्या ओसरीवर एक बाई तूर निवडीत बसली होती. शेजारी तिची चार वर्षांची मुलगी. मी सातवा प्रश्न वाचून दाखवला. बाई ओशाळून म्हणाली, "मले कुठं शिकवता येते, मास्तर? मले तं सही बी येत नाही."

मी रकान्यात शून्य लिहिले.

तेवढ्यात ती मुलीला म्हणाली, "खडे इकडं ठेव, बारीक दाणे तिकडं. किती खडे झाले वं?"

"पाच."

"हा घे अजून एक. आता?"

"सहा!"

माझी लेखणी थबकली. वर्गीकरण आणि संख्याबोध या दोन शब्दांवर मी वर्गात तासन् तास बोलतो. इथे दोन्ही सुपाच्या काठावर चालले होते, आणि मी शून्य मांडून मोकळा झालो होतो.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने हे नाव देशभर नेले. हे सारे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण कुणाच्या अंगणात कधी बसलो नव्हतो.

त्या रात्री घरी येऊन सातवा प्रश्न स्वतःलाच विचारला. माझा मुलगा पाच वर्षांचा. 'बाबांचं काम चाललंय' हे वाक्य त्याला तोंडपाठ होते. उत्तर आले, शून्य. हे शून्य मात्र खरे होते.

मी प्रश्न बदलला: 'काम करताना मूल कुठे असते, आणि त्याच्याशी काय बोलता?' मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. "अहो, याचे आकडे कसे काढणार?" प्रबंध वर्षभर लांबला. सौभाग्यवतींनी मात्र मला मटार सोलायला बसवून पहिले मार्गदर्शन केले.

दिवाळीत चिरंजीव पणत्या मोजीत होते. "आठ, नऊ, अकरा..."

माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. "चुकलं. नऊनंतर काय?"

त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले. "दहावी आईला दिली ना, तुळशीपाशी लावायला!"