अडतीस हजारांची मोटार

जुनी मोटार घ्यावी की घेऊ नये, या विषयावर सल्ला द्यायला नकार देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या सिंदीत तर तो नाहीच. मी एक मारुती ८०० पाहून आलो एवढी बातमी फुटायचा अवकाश, शाळेच्या शिपायापासून स्टेशनावरच्या चहावाल्यापर्यंत प्रत्येकाने मला रस्त्यात अडवून आपले मत ऐकविले. ज्यांच्या घराण्यात कुणी कधी मोटार घेतली नव्हती, त्यांची मते सर्वांत ठाम होती.

गाडी २००६ सालची. रंग पांढरा; निदान एके काळी तो पांढरा असावा. मालक सेवानिवृत्त गृहस्थ, मुलाकडे नागपूरला राहायला निघालेले. किंमत अडतीस हजार. ही मोटार १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली, तेव्हा नवी कोरी पन्नास हजारांच्या आसपास मिळत असे. शेवटची मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये कारखान्याबाहेर पडली. म्हणजे मी पाहून आलो ती एका अस्तंगत घराण्यातली होती. अशा घराण्यातल्या माणसांशी बोलावे कसे, हे आपल्याला ठाऊक असते. मोटारीशी वागावे कसे, ते मिस्त्रीलाच विचारावे लागते.

सिंदीच्या माणसाला मोटार हवीच कशाला, असे कुणी विचारील. बरोबर आहे. आमच्या गावाच्या नावातच कंसात रेल्वे आहे. नागपूर आणि वर्धा यांच्या साधारण मधोमध आम्ही रुळांना चिकटून बसलो आहोत. पण रेल्वे ही गुडघे शाबूत असलेल्यांची सोय आहे. माझ्या आईला अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. डब्याची पायरी तिच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. दर पंधरा दिवसांनी तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे लागते, आणि त्यासाठी भाड्याची गाडी करावी लागते. जाऊन-येऊन चौदाशे रुपये. महिन्याच्या दोन फेऱ्या, वर्षाचे तेहतीस हजार सहाशे. हा हिशेब मी एका वहीत लिहून ठेवला होता, आणि त्या वहीनेच माझ्या डोक्यात मोटारीचे खूळ भरवले.

मिस्त्री आमच्या ओळखीचा. मी त्याला गाडी दाखवायला नेले. मालकांनी आम्ही येणार म्हणून गाडी आधीच चालू करून ठेवली होती. मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच परत फिरला.

“चला जी गुरुजी. उद्या सकाळी येऊ. गरम इंजिन कोणालेबी फसवते.”

दुसऱ्या दिवशी गार इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झाले. ती पहिली नोंद. मग त्याने तेलाचे झाकण काढून माझ्या नाकाखाली धरले. त्याच्या आतल्या बाजूस चहाच्या सायीसारखा फेस असला, तर तेलात पाणी शिरले असे समजावे आणि घरी जावे. फेस नव्हता. धूर निळा असेल तर इंजिन तेल खाते; धूर निळा नव्हता. माझी छाती हळूहळू फुगू लागली. तेवढ्यात त्याने ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. खाली सिंदीची जमीन दिसली. तळाचा पत्रा गंजून हातभर जागी जाळी झाली होती. टायरांची नक्षी ठीक, पण बाजूने रबराला भेगा. रेडिएटर गळका. क्लचप्लेट शेवटच्या घटका मोजणारी. पेट्रोलच्या नळ्यांवर त्याने नख दाबले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते, जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा नळ्या सगळ्या बदलायच्या, असे त्याने सांगितले. हे सर्व तो निर्विकारपणे बोलत होता. मालक मात्र दर वाक्यागणिक एक पाऊल मागे सरकत होते.

दुरुस्तीचा अंदाज सत्तावीस हजार निघाला. आणखी एक खर्च मिस्त्रीच्या हातात नव्हता. गाडीची पंधरा वर्षे २०२१ मध्ये भरली, तेव्हा तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलेली. ती मुदत २०२६ मध्ये संपणार. पूर्वी या कामाची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी दहा हजार. आमची नायिका नेमकी पुढच्या वर्षी विशीत पदार्पण करणार! म्हणजे अडतीस, सत्तावीस आणि दहा मिळून पंचाहत्तर हजार. पेट्रोल आणि विमा निराळा. एवढ्या पैशांत दोन वर्षांहून अधिक काळ भाड्याच्या गाडीत ऐटीत बसता येते. वहीने स्पष्ट शब्दांत नाही म्हटले.

आमच्या जिल्ह्यात मोटारीचा प्रश्न एकदा याहून सोप्या रीतीने सुटला होता. गांधीजी १९३६ साली सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले, त्या काळातली गोष्ट. बजाजांच्या घरच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपण्यात आले आणि गांधीजींची ने-आण त्या वाहनातून होऊ लागली. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून तिचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. सिंदीकरांना तर चाकांवरचा बैल काही नवा नाही. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे लाकडी नंदी असे थाटात निघतात की, पाहायला बाहेरगावची माणसे येतात. पण त्या फोर्डला जुंपायला घरचे बैल होते. माझ्याकडे वही होती.

वही मिटून मी विषय संपवला. तो पुन्हा उघडला माझ्या पत्नीने.

“भाद्रपदात एकच फेरी लिहिली आहे तुम्ही,” ती म्हणाली.

खरेच एकच होती. आईनेच सांगितले होते, की आता बरे वाटते, या खेपेला राहू द्या.

“बरं कसलं वाटतं? रात्री मी तेल लावून देते तेव्हा ओठ दाबून बसतात. त्यांना भाडं पाठ आहे, अहो. तो ड्रायव्हर दारात उभा राहून नोटा मोजतो ना!”

मी पुष्कळ वेळ गप्प बसलो. भाड्याच्या गाडीत सोय आहे, पण तिच्या प्रत्येक फेरीला किमतीची चिठ्ठी लावलेली असते, आणि ती चिठ्ठी आजारी माणूसच आधी वाचतो. दारात उभी असलेली गाडी कितीही खर्चिक असो, तिचा खर्च टायरात, तेलात, पत्र्यात असा वाटला जातो की, कोणत्या फेरीला किती पडले हे म्हाताऱ्या माणसाला कळू शकत नाही. माझी वही बरोबर होती. फक्त भाद्रपदातले चौदाशे रुपये तिने शिल्लक म्हणून धरले होते. ते आईने आपल्या गुडघ्यातून भरले होते.

मिस्त्रीच्या यादीचा कागद मालकांपुढे ठेवला तेव्हा अडतीसचे एकतीस झाले. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पैसे नाहीत, ही अट मी घातली. ती त्यांनी न कुरकुरता मानली. एवढे सगळे ठरले, तरी एक परीक्षा उरली होती. आईला ऑटोत बसवून मिस्त्रीकडे नेले. ती गाडीभोवती फिरली, दार उघडून आत बसली आणि उठू लागली. उठेना. मारुतीची बैठक बुटकी. दुखऱ्या गुडघ्यांना जितके खाली बसावे लागते, तितके वर येणे जड जाते. मला, मिस्त्रीला, गावातल्या एकाही सल्लागाराला हे सुचले नव्हते.

“बसता येते रे,” दाराचा काठ धरून आई म्हणाली, “उठता नायी येत.”

मी मिस्त्रीकडे पाहिले. तो खाली वाकून सीटचे बोल्ट न्याहाळत होता.

“किती वर पाह्यजे, आजी?”

आईने चार बोटे आडवी धरून दाखवली. त्याने ती टेपने मोजली, कानावरची पेन्सिल काढली आणि यादीत पत्र्याच्याही वर लिहून घेतली.